हातापायांची कातडी : जे दुखत नाही ते आधी दाखवा

रोवणीचे दिवस सुरू झाले की आमच्या दवाखान्यात हातापायांच्या तक्रारी वाढतात. दिवसभर बांधीतल्या चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत पांढरी पडलेली कातडी, फुटलेल्या टाचा, नखाच्या कडेला आलेली सूज, असे रुग्ण एकामागून एक येत असतात. मागच्या पावसाळ्यात असेच एक गृहस्थ आले. वय पंचावन्नच्या आसपास, घरची चार एकर धानाची शेती.

"डाक्टरसाहेब, चिखल्या झाल्या जी. खाजवून खाजवून जीव गेला. रात्री झोप नाही."

उजव्या पायाच्या बोटांत चिखल्या होत्याच. सवयीप्रमाणे मी डावा पायही वर घ्यायला सांगितला. त्या पायाच्या अंगठ्याखाली, तळव्याला रुपयाच्या नाण्याएवढी खोल जखम होती. तिच्यावर एक मळकी चिंधी बांधलेली.

"हे केव्हापासून आहे?"

"ते होय? झाले असतील दोनक महिने. पण ते दुखत नाही ना जी."

रक्तातील साखर तपासली, ती ३०० च्या वर निघाली. आपल्याला मधुमेह आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती. चिखल्यांनी त्यांची झोप उडवली होती, त्या दोन आठवड्यांत बऱ्या झाल्या असत्या. ज्या जखमेने त्यांचा पाय जाऊ शकला असता तिची त्यांनी तक्रारही केली नाही. आजचा लेख त्यांच्या त्या शेवटच्या वाक्याविषयी आहे. हातापायांच्या कातडीचे नेहमीचे विकार आपण पाहूच, पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. जे दुखते, खाजते ते रुग्ण स्वतःहून दाखवतो. जे दुखत नाही तेच पुष्कळदा जास्त धोक्याचे असते.

तळहात, तळपाय कसे बनले आहेत?

मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण २०६ हाडे असतात. त्यांपैकी प्रत्येक हाताच्या पंजात २७ आणि प्रत्येक पावलात २६ हाडे. म्हणजे निम्म्याहून अधिक हाडे केवळ हातापायांच्या पंजांत आहेत. बारीक काम करणे आणि सगळ्या अंगाचे वजन पेलणे ही दोन कामे त्यांच्याकडे आहेत.

या हाडांवरची कातडीही वेगळी आहे. पापणीवरील कातडीचा वरचा थर जेमतेम ०.०५ मिलिमीटर जाडीचा असतो. तळहात व तळपायावर हाच थर सुमारे दीड मिलिमीटर, म्हणजे तीसपट जाड असतो. तळहात-तळपायांवर केस नसतात आणि तेल पाझरणाऱ्या ग्रंथीही नसतात. घामाच्या ग्रंथी मात्र तेथे शरीरात सर्वांत दाट असतात. परीक्षेला बसलेल्या मुलाचे तळहात घामेजतात ते यामुळेच. तेल नसल्याने ही कातडी कोरडी पडते आणि फाटते. चिखलात व बंद बुटात ओलावा साचतो आणि ती कुजते. हातापायांचे बहुतेक विकार या दोन टोकांपैकी एकाकडे असतात, फार कोरडे किंवा फार ओले.

जाड थराच्या खाली मज्जातंतूंचे, म्हणजे ज्यांना आपण नसा म्हणतो त्यांचे, बारीक जाळे असते. गरम, थंड, टोचणे, घासणे ही खबर त्या मेंदूला देतात. या नसांची एक गंमत सांगतो. पाण्यात बराच वेळ हात राहिला की बोटांवर सुरकुत्या पडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून असे होते, असे आपण समजतो. पण नस तुटलेल्या किंवा निकामी झालेल्या बोटावर अशा सुरकुत्या पडत नाहीत. नसेच्या हुकमाने आतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यामुळे कातडी सुरकुतते. नस मेली की कातडीचे किती व्यवहार बंद पडतात, हे यावरून लक्षात येईल. दुखणे बंद होते, घाम येणे बंद होते, कातडी कोरडी होऊन फाटते, आणि फाटल्याचे कळतही नाही.

चिखल्या

पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये कातडी पांढरी, मऊ होऊन सोलते, खाजते, वास येतो. ओलाव्यात बुरशी वाढल्याने हे होते. शेतातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत आणि बोटांच्या मध्ये फडके घालून पूर्ण कोरडे करावेत. निम्मा इलाज एवढ्यानेच होतो. त्यावर क्लोट्रिमाझोलसारखे बुरशीनाशक मलम दिवसातून दोनदा लावावे. खाज थांबली की लोक मलम बंद करतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येतात. कातडी बरी दिसू लागल्यावरही दोन आठवडे मलम चालू ठेवावे.

चिखल्या किरकोळ समजू नयेत. या भेगांतून जंतू आत शिरतात. पाय एकाएकी लाल, गरम होऊन सुजला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आपल्या भागात हत्तीपायाचे रुग्ण आहेत. त्यांना वारंवार येणारा ताप पुष्कळदा याच वाटेने येतो. रोज पाय धुऊन कोरडे ठेवणे हा त्यांच्यासाठी औषधाइतकाच महत्त्वाचा उपाय आहे.

भेगा, घट्टे आणि कुरूप

टाचेची जाड कातडी कोरडी पडली की वजनाने फाटते. रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवून ठेवावेत, वजरीने हलके घासावे, पुसून लगेच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावून सुती मोजे घालून झोपावे. काही घरांत मोहाच्या बियांचे तेल लावतात, तेही चालते. मुद्दा आहे तो कातडीतले पाणी उडू न देण्याचा. आठवड्यातून एकदा करून उपयोग नाही, थंडीभर रोज केले पाहिजे. (पायाला बधिरपणा असलेल्यांनी व मधुमेहींनी पाय बुडवून ठेवू नयेत व वजरीही वापरू नये. त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.)

मात्र बिब्बा लावू नका. भेगांवर, कुरपावर बिब्ब्याचे तेल टाकण्याची जुनी पद्धत अजून चालू आहे. बिब्बा कातडी जाळतो. भेग राहते बाजूला आणि काळे फोड व जखम घेऊन रुग्ण येतो. चुना, घासलेट आणि बॅटरीचे पाणी यांचीही गत तीच.

कुदळ, पावडे धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात. ते कातडीचे संरक्षणच आहे, त्यांना औषध लागत नाही. कुरूप (काही जण याला भोवरी म्हणतात) हेही दाबाने जाड झालेल्या कातडीचेच टोक असते, फक्त ते आत रुतते. त्याला मूळ नसते, त्यामुळे "मुळासकट काढून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती पाय देऊ नये. चप्पल बदलून दाब काढला नाही तर कापलेले कुरूप पुन्हा येते. तळव्यावर चामखीळही होते आणि ती कुरपासारखीच दिसते. कुरूप सरळ दाबले की दुखते. चामखीळ दोन बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते आणि तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात. ती विषाणूमुळे होते, तिचा उपचार वेगळा आहे.

खरूज, गजकर्ण, इसब

हाताच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला बारीक पुळ्या, रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कोणीतरी खाजवत असेल, तर ती बहुधा खरूज असते. अर्ध्या मिलिमीटरहून लहान किडा कातडीत बोगदा करून राहतो. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून ज्यांना खाज नाही त्यांच्यासह घरातल्या सर्वांनी एकाच रात्री औषध लावायचे असते. हल्ली ५ टक्के परमेथ्रिनचे मलम वापरतात. ते मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत आणि नखांच्या खालीही लावून सकाळी अंघोळ करावी व आठवड्याने पुन्हा एकदा लावावे. तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारावे. पांघरुणे, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. एकट्या मुलाला औषध लावणे म्हणजे एका बांधीतले तण काढून शेजारची बांधी तशीच ठेवणे होय.

गजकर्ण किंवा नायटा ही बुरशीच. कडा उठावदार, लाल, मधला भाग बरा झाल्यासारखा. पूर्वी हा साध्या मलमाने जात असे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो चिवट झाला आहे, आणि त्याचे एक मोठे कारण औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या ट्यूबा हे आहे. "खाज, खरूज, नायटा, सगळ्यांवर एकच" अशा मलमात बहुधा स्टिरॉइड मिसळलेले असते. तीन दिवसांत खाज थांबते, रुग्ण खूश होतो, आत बुरशी पसरत राहते आणि कातडी पातळ होत जाते. सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री करण्यावर बंधन घातले. तरीही शेजाऱ्याची उरलेली ट्यूब आपल्या घरी येतेच.

भांडी-धुणी करणाऱ्या बायकांच्या बोटांची टोके सोलतात, फाटतात, त्यांत तिखट-मीठ गेले की डोळ्यांत पाणी येते. हे साबण-सोड्याने झालेले इसब. गवंडीकाम करणाऱ्याला तेच सिमेंटने होते, एखाद्याला रबरी चपलेच्या पट्ट्याने होते आणि पावलावर पट्ट्याचाच आकार उमटतो. कारण दूर केल्याशिवाय मलमाने फक्त दिवस जातात. काम झाल्यावर साध्या पाण्याने हात धुऊन कोरडे करावेत आणि तेल किंवा व्हॅसलीन लावावे. तळहात-तळपायावर जाड, खवलेदार, सतत फाटणारी कातडी असेल तर तो सोरायसिसही असू शकतो. तो कोणाला लागत नाही, त्याला दीर्घ उपचार लागतो.

नखे

हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याहून बरेच सावकाश. त्यामुळे खराब झालेले हाताचे नख पूर्ण बदलायला सहा महिने, तर पायाच्या अंगठ्याचे नख बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते. नखातल्या बुरशीला महिनाभर औषध घेऊन "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. पायाची नखे सरळ रेषेत कापावीत. कोपरे खोल कापले की नख मांसात रुतते. नखुरडे ठणकू लागले आणि पू दिसू लागला तर घरी सुई टोचू नये.

आता न दुखणारे

वर सांगितलेले जवळजवळ सगळे विकार दुखतात किंवा खाजतात. त्रास होतो, पण रुग्ण येतो आणि बरा होतो. आता दुसरी बाजू पाहू.

पहिला मधुमेह. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. खेड्यांतही तो पोचला आहे. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या टोकाच्या नसा आधी मरतात. सुरुवातीला मुंग्या येतात, तळवे जळतात, गादीवर चालल्यासारखे वाटते. मग हळूहळू काहीच वाटेनासे होते आणि रुग्णाला वाटते की आपण बरे झालो! अशा पायात काटा मोडतो, खडा चपलेत दिवसभर टोचत राहतो, शेकोटीजवळ पाय भाजतो, आणि पत्ता लागत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर जखम हाडापर्यंत जाते.

दुसरा कुष्ठरोग. या शब्दाने अजून लोक दचकतात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. पण आधी स्वतःची एक चूक सांगायला हवी.

दवाखाना टाकून मला फार दिवस झाले नव्हते. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा हातावर फिकट चट्टा घेऊन आला. कडा जराशी उठलेली होती. मी नायट्याचे मलम लिहून दिले. महिन्याने तो पुन्हा आला, मी मलम बदलून दिले. चट्टा खाजतो का, हे मी विचारले नाही. त्यावर स्पर्श कळतो का, हे पाहिले नाही. दवाखान्यात गर्दी होती, हे काही कारण नव्हे. आठ महिन्यांनी तो आला तेव्हा त्याच्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट वाकलेले होते, सायकलचा ब्रेक धरता येत नव्हता. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड हाताला लागली. पुढे पूर्ण उपचार झाला, रोग बरा झाला. बोटे मात्र पूर्ववत झाली नाहीत. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर एक बॉलपेन केवळ चट्टे तपासण्यासाठी असते.

ही तपासणी अगदी साधी आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे. चट्ट्यावर आणि मग शेजारच्या चांगल्या कातडीवर पेनचे टोक हलके टेकवायचे आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे. चट्ट्यावर टेकवलेले कळले नाही तर तो कुष्ठरोग असण्याचा दाट संभव असतो. असा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, दुधासारखा पांढरा नसतो. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही. कोडाच्या पांढऱ्या डागावर स्पर्श चांगला कळतो. लहान मुलांच्या गालावरचे फिकट डागही बहुतेक वेळा साधेच असतात. तेव्हा प्रत्येक डागाने घाबरू नये, पण प्रत्येक डाग तपासून घ्यावा.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधून काढला. हा शाप नव्हे, पापाचे फळ नव्हे. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, श्वासावाटे त्याची लागण होते, आणि बहुतेक माणसांना त्याविरुद्ध जन्मतःच प्रतिकारशक्ती असते. १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने, म्हणजे एमडीटीने, तो पूर्ण बरा होतो. औषध सहा ते बारा महिने घ्यावे लागते आणि सरकारी आरोग्य केंद्रात ते फुकट मिळते. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात लागण होण्याचा धोका उरत नाही.

बोटे रोगाने "झडतात" ही समजूतही खरी नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले. बधिर हात चुलीवरचे भांडे उचलतो, भाजतो, जखम चिघळते, पुन्हा भाजतो, आणि असे करत बोट आखूड होत जाते. म्हणजे पुष्कळशी विद्रूपता टाळता येण्यासारखी असते. ज्या भागात बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले त्या आपल्या पूर्व विदर्भाला हा रोग नवा नाही. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर त्याचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले. त्यामुळे रोग संपला असा गैरसमज पसरला. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांतही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत आले आहेत. आशाताई घरी तपासणीला आल्या तर लपवू नका. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरण्याची तरतूदही संसदेने २०१९ मध्ये कायद्यातून काढून टाकली आहे. कायदा बदलला, आता घराघरांतली भीती जायला हवी.

रोजचे पाच मिनिटांचे काम

मधुमेहींनी आणि हातापायाला बधिरपणा असलेल्यांनी पुढील गोष्टी रोज कराव्यात.

१) रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा नातवाला पाहायला सांगावे.

२) घरातही अनवाणी फिरू नये. चप्पल मऊ तळव्याची, मागे पट्टा असलेली घ्यावी. घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा.

३) पाणी गरम आहे का ते पायाने पाहू नये, कोपराने पाहावे. शेकोटीपासून पाय दूर ठेवावेत.

४) पाय धुऊन कोरडे करावेत. तळव्याला व टाचेला तेल लावावे, बोटांच्या मध्ये लावू नये.

५) कुरूप, घट्टा ब्लेडने कापू नये. बाजारातली कुरपाची पट्टीही लावू नये, तिच्यातील आम्ल चांगली कातडीही खाते.

६) कितीही लहान जखम दोन दिवसांत सुकायला लागली नाही तर दाखवावी. वर्षातून एकदा तरी पायाच्या संवेदनेची तपासणी करून घ्यावी.

ज्यांना काहीच आजार नाही अशा चाळिशीपुढील माणसांनीही रक्तातील साखर तपासून घ्यावी.

सुरुवातीला सांगितलेल्या गृहस्थांची जखम भरायला चार महिने लागले. साखर आटोक्यात आणावी लागली, मेलेली कातडी काढावी लागली, आणि सर्वांत अवघड म्हणजे त्या पायावर वजन टाकू नका हे त्यांना पटवावे लागले. त्या वर्षीची धानकापणी मुलाने व सुनेने केली. पाय वाचला. आता ते मऊ रबराची पट्ट्याची चप्पल घालून येतात आणि बाकावर बसल्याबसल्या शेजारच्या माणसाला विचारतात, "तुमचा तळवा पाहिला का जी?"

वाचकहो, आज रात्री तुम्हीही आपले तळवे पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचेही पाहा. एखादी जखम, एखादा चट्टा दिसला आणि "पण ते दुखत नाही" असे उत्तर आले, तर दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन दवाखान्यात जा.